उशीखालचा टाक

मंदाताई : खंडोबाच्या टाकावरचं गंध अगदी मधोमध आहे. मसुराच्या दाण्याएवढं, गोल. हात भारी सरळ आहे तुझा, सूनबाई.

गरिमा : कुशीवर व्हा, आईसाहेब. पाठ पुसायची राहिलीय.

मंदाताई : पडाव भागातल्या तुझ्या लॅबमध्येही असंच करत असशील. काचेवर रक्ताचा थेंब, की झालं.

गरिमा : साधारण असंच. पाणी फार गरम नाही ना?

मंदाताई : उजवीकडचं मला विचारू नकोस, ती बाजू गेली. देवांना आंघोळ घातलीस आज?

गरिमा : घातली. तुम्ही इथून बघतच होता.

मंदाताई : सगळ्या टाकांना?

गरिमा : सगळ्यांना.

मंदाताई : माझ्या उशीखाली हात घाल.

गरिमा : आधी पाठ कोरडी करू द्या.

मंदाताई : हात घाल म्हटलं ना.

(गरिमा उशीखालून चांदीचा छोटा टाक काढते. त्यावर एका पुरुषाची आकृती ठोकलेली आहे.)

मंदाताई : कोण आहे?

गरिमा : समरजीत.

मंदाताई : नवरा तुझा. वर्षश्राद्धाला हा टाक सराफ्यातून तूच करवून आणलास, देवांच्या रांगेत मी बसवला. शनिवारी शांता झाडायला आली, तिच्याकडून काढून घेतला. आज वार कोणता?

गरिमा : गुरुवार.

मंदाताई : रोज सकाळी वाट बघत होते. आज बघेल, आज विचारेल. देवघर उलथंपालथं करेल, माझ्यापाशी येऊन रडेल. तू आपली पाणी घालतेस, पुसतेस, गंध लावतेस. लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजणारी तू, आणि घरातून नवरा गेलेला दिसला नाही तुला.

गरिमा : नाही दिसला.

मंदाताई : काही बहाणा तरी कर.

गरिमा : बहाणा नाहीये माझ्याकडे.

मंदाताई : दिसणार कुठून? सगळं लक्ष पहाटेच गच्चीवर खर्च होतं. शाल ओढून बसतेस आणि त्या येशूशी कुजबुजतेस. मला चालता येत नाही, ऐकू येतं. त्या केरळच्या नर्सनं लावलेलं वेड. आयसीयूच्या बाहेर दोघी डोळे मिटून उभ्या होतात. काय मागितलंस तेव्हा?

गरिमा : समरजीत वाचू देत.

मंदाताई : मग?

गरिमा : तुम्हाला माहितीय.

मंदाताई : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

गरिमा : नाही वाचले.

मंदाताई : ज्यानं दिलं नाही, त्याच्याचपाशी रोज जाऊन बसतेस. जरा तरी स्वाभिमान ठेव.

गरिमा : सुरुवातीला भांडायलाच जात होते. मग भांडण संपलं, पण उठून यावंसं वाटेना. आता काही मागत नाही. कालचा दिवस कसा गेला ते सांगते. तुमचंही सांगते.

मंदाताई : माझं काय?

गरिमा : तुम्ही काय काय बोललात ते.

मंदाताई : चुगली करतेस. आणि तो म्हणतो, माफ कर.

गरिमा : म्हणतो.

मंदाताई : तेच तर. आधी तू भांडी आपटायचीस. मला बरं वाटायचं, कुणीतरी आहे घरात. आता माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू मला माफ करून मोकळी होतेस. शिवी दिली तरी हात तसाच, एकसारखा फिरतो पाठीवरून. प्रेत धुतल्यासारखा.

गरिमा : असं वाटत असेल हे मला कळलं नव्हतं.

मंदाताई : तुला काय काय कळलेलं नाही! रविवारी धाकटा विक्रमसिंह येतोय इंदूरहून. त्याला सगळी खबर दिलीय मी. म्हणाला, वहिनीला म्हणावं तिकडे मुरार भागात वेगळी खोली बघा, चर्चजवळच पडेल. पण मी सांगितलं तर माझा मुलगा थांबेल.

गरिमा : काय केलं तर सांगाल?

मंदाताई : तुझा देव मनात ठेव. मन कोण उघडून बघतंय? गच्चीवर जाणं बंद. टाकांना आंघोळ, गंध, दिवा, आता चाललंय तसंच. विक्रमनं विचारलं की म्हणायचं, माझे देव हेच. बस. दोन वर्षं जमलंच ना? नाटक तुला छान येतं, ते शनिवारपासून पक्कं कळलंय मला.

गरिमा : मलाही.

मंदाताई : मलाही काय?

गरिमा : गच्चीवर बसलं की रोज एकच गोष्ट समोर येते. तुमच्या शिव्या नाहीत. तुमच्या देवांना मी खोट्या हातानं आंघोळ घालते, ती. मी दुसरा विषय काढते. तुमचं औषध, तुमची झोप. रोज उद्यावर ढकलते.

मंदाताई : मग ढकल आणखी. मी काही फार दिवस नाही.

गरिमा : हेच मी त्याला सांगत आलेय.

मंदाताई : चुपचाप ऐक आता. जे हात देवांना लागणार नाहीत, ते मलाही लागणार नाहीत. शपथ आहे. पाठीला जखम होतेय ना? तूच म्हणालीस, रोज पुसली नाही तर हाडापर्यंत जाते. जाऊ दे. मग गच्चीवर जाऊन सांग त्याला, सासूला सडवून आले.

गरिमा : शांताताईंना पाठ पुसणं जमत नाही.

मंदाताई : नाही जमत.

गरिमा : विक्रमभाऊजी...

मंदाताई : तो लांबूनच पाया पडतो. मला वास येतो म्हणे. सगळा विचार करूनच बोलतेय मी. आता ऊठ, समरला त्याच्या जागी बसव. म्हणजे तुझं काय ठरलं ते मला इथूनच दिसेल.

गरिमा : तुम्ही घ्या त्यांना. डावा हात द्या. मूठ मिटा, पडेल.

मंदाताई : हे काय?

गरिमा : त्यांना तुम्ही बघत होता. मी बघत नव्हते. तुमच्यापाशीच राहू दे.

मंदाताई : सरळ बोल, गरिमा.

गरिमा : उद्यापासून देवांना आंघोळ मी घालणार नाही, आईसाहेब. तुमचं पाणी मात्र रोज तापवून आणीन.