माझ्या सुरमईला मंगळ

नाय, पन तुम्हीच सांगा, मंगळ कुठं आनि पाचूबंदर कुठं? मधे काय रस्ता हाय? एस.टी. जाते? होडी जाते? मग तिथली पीडा नेमकी माझ्याच अंगनात, माझ्याच पिंपात, माझ्याच खाऱ्या सुरमईवर येऊन कशी बसली? तिला वाट कोनी दाखवली? मी सांगते कोनी दाखवली. त्या सोवनी डॉक्टरनं दाखवली, आनि सोवनीला वाट दाखवली माझ्या नवऱ्यानं. दोघंही अजून जिवंत हायेत, ती माझी मेहरबानी.

बसा की नीट. माझा राग ऐकायला आलात ना, मग तो उभ्या उभ्या नाय संपनार.

तुम्हाला सांगते, खारा मासा पाचूबंदरात पुष्कळ जनी करतात. पन पाऊस तोंडावर आला की भुईगावच्या, गासच्या, पार खाडीकाठच्या बायका सालोमीचंच दार विचारत येतात. सालोमी म्हनजे मी. त्या तांदूळ आनतात, मी मासा देते. त्यांच्या सासवा माझ्या सासूकडं यायच्या, त्या माझ्याकडं येतात. होड्या एकदा वर ओढल्या की सबंध पावसाळा आमच्याकडं काय असतं? वाळू आनि नवरा. दोन्ही शिजत नाय. त्या तांदळावर आमची चूल चालते. आनि त्या बायका तांदूळ का देतात? माझ्या तोंडाकडं बघून? छे... माशाकडं बघून. पांढरा, कडक, दाबला तर बोट दुखेल असा मासा. सासूनं शिकवला तसा, पोट फाडून, मीठ चोळून, थरावर थर लावलेला. या धंद्यात एक बाई नुसती म्हनली ना, की सालोमीचा मासा बिघडला, तर दुसरी मला येऊन विचारत नाय, ती परस्पर दुसऱ्या दारात जाते. म्हनजे माझं नाव गेलं, आनि नावाबरोबर भातही गेला.

तर औंदा आमच्या गाडीवाल्या नथूनं मिठागरातनं मीठ आनून टाकलं ते लालसर. मी म्हटलं, नथू, हे काय? तर म्हनतो, "बाय, ऊन लय तापलं, पानी लाल झालं. पानी लाल झालं म्हनजेच मीठ झ्याक धरतं." त्याचं मीठ धरलं आनि माझा मासाही धरला. आठवडा गेला नसेल, सुरमईवर लाल ठिपके... कुनी वरून कुंकू शिंपडल्यागत. आता यात घाबरन्यासारखं काय नाय हां. सासूच्या वेळीही यायचे. विहिरीच्या गोड्या पान्यात मासा खळखळून धुवायचा, चांगल्या पांढऱ्या मिठात पुन्हा घोळायचा, उन्हात टाकायचा. ठिपका गेला, विषय संपला. वैशाखातली विहीर, तळाला गेलेली, तरी खेपा घालून घालून मी पिंप भरलं. पदर खोचला, पहिला मासा उचलला, तोच मागनं कुनीतरी ओरडलं, "थांबा, थांबा बाई, धुऊ नका!"

वळून बघते तर माझा नवरा ज्युलियस, आनि त्याच्यामागे एक लांबोळका मानूस. डोक्यावर हॅट, गुडघ्यापर्यंत चिखल, एका हातात बाटल्या, दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल. मासेवालीच्या दारात नाकाला रुमाल लावून उभा राहनारा मानूस मला तिथंच आवडला नाय. ज्युलियस छाती काढून सांगतो, "सालोमी, हे डॉक्टर सोवनी. मुंबईचे मोठे शास्त्रज्ञ. मिठागरात भेटले. लाल पान्यात उतरले होते." मी म्हटलं, पाय घसरला का? तर म्हने नाय, मुद्दाम. आता मुद्दाम मिठागराच्या चिखलात उतरलेला मानूस दिसला, तर शहान्या मानसानं काय करायचं? आपली वाट धरायची. यानं त्याला घरी आनला. आमच्या ज्युलियसला हॅट दिसली ना, की त्याची मान आपोआप हो हो करायला लागते.

आनि तो सोवनी... तुम्हाला सांगते, रुमाल पडला, त्याला पत्ता नाय. माझ्या माशापुढं गुडघे टेकले त्यानं. देवळात मिस्सेला आमचे पुरुष इतक्या भक्तीनं टेकत नाय. "बाई, हे डाग नाहीत हो, हे जीव आहेत. जिवंत जीव! एका ठिपक्यात लाखो!" मी म्हटलं, असतील, आता मरतील, सरका. "नाही नाही, समजून घ्या. इतक्या मिठात कुठलाच जीव टिकायला नको. मीठ म्हणजे जिवाचा काळ, म्हणून तर तुम्ही मासा खारवता. पण यांची घडणच निराळी. हे मिठातच नांदतात. मीठ काढून घेतलं की मरतात, गोड्या पाण्यात तर फुटूनच जातात. म्हणून म्हणतो, धुऊ नका."

आता बघा हां. धुतलं की मरतात हे मला ठाऊक. धुतलं की मरतात हे त्यालाही ठाऊक. म्हनून मी म्हनते धुवा, आनि म्हनूनच तो म्हनतो धुऊ नका. याच्याशी काय बोलायचं?

मग त्यानं पिशवीतनं पितळेची नळी काढली, माझ्या मासे कापायच्या पाटावर ठेवली, माझ्या पाटावर हां, आनि म्हनाला, बघा. बघितलं. काय दिसलं? माझ्याच पापनीचे केस. ज्युलियसनं बघितलं आनि म्हनाला, "वा, काय नाचतायत." त्याला काय दिसलं असेल ते त्याच्या बापालाही सांगता यायचं नाय. पन सोवनीला एवढंच पुरलं. त्यानं बोट वर केलं, माझ्या कौलांच्याही वर, आनि म्हनाला, "बाई, पृथ्वीवर अशा विलक्षण रसायनात जीव जगत असेल, तर मंगळावर का नाही जगणार? तिथेही कोरडं, उजाड, कदाचित खारट. तिथला जीव असलाच, तर तो असाच असेल. तुमच्या सुरमईवर बसलाय ना, अगदी तसा."

झालं. मंगळ कुठं आनि पाचूबंदर कुठं?

बरं, त्याला मासा न्यायचाय तर ने की बाबा एक तुकडा, उरलेला मला धुऊ दे. नाय. त्याला सगळा ढीग तसाच पाहिजे, रंग कसा पसरतो ते बघायला. मोठ्या बरन्या घेऊन रविवारी येतो म्हनाला. आनि ज्युलियसनं शब्द दिला. माझ्या माशाचा शब्द, ज्युलियसनं दिला. मी परत धुवायला घेईन म्हनून यानं काय केलं असेल? खेपा घालून भरलेलं माझं पिंप माडाच्या बुडाशी उपडं केलं. विहिरीत तेव्हा प्यायच्या हंड्यापुरतं पानी. मी बोलले का? तीन आळ्यांना ऐकू गेलं इतकं बोलले. पन बोलून पानी वर येत नाय. रविवारपर्यंत सगळा ढीग लालभडक. लांबनं वाटावं, इथं कुनी बोकड कापलाय.

आनि रविवारीच माझ्या बायका आल्या. पहिली भुईगावची पॉलिन, थेट देवळातनं, नातवाचा बाप्तिस्मा करून, नव्या लुगड्यात. खाडीकाठची कमळी तिच्यामागे, डोक्यावर तांदळाची पाटी. मी म्हटलं, बायांनो, मासा जरा लाल झालाय, उद्या नथूकडनं टाकीचं पानी मागवते, धुऊन पांढरा करून घरपोच देते. आनि त्या कबूल होत्या. शपथेवर सांगते, कबूल होत्या. त्यांनीही लाल मासा आयुष्यात बघितलेला. कमळी पाटी उतरवायला वाकली, आनि टांग्यातनं सोवनी उतरला.

त्याला गप्प बसता येत होतं की नाय? बरन्या भरायच्या, चालू पडायचं. पन समोर दोन बायका दिसल्या आनि याला शिकवायची उबळ आली. लाखो जीव, मिठातले जीव, मंगळ... सगळं पहिल्यापासून. पॉलिननं विचारलं, "हे किडे याच मिठात हायेत का सगळ्या मिठात?" म्हनतो, "समुद्राच्या कुठल्याही मिठात असू शकतात. खड्याच्या आत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात." पॉलिनचा हात छातीवर गेला. "आत्ता फादरनी माझ्या नातवाच्या जिभेवर मीठ ठेवलं." तुम्हाला ठाऊकच हाय, बाप्तिस्म्याला बाळाच्या जिभेवर चिमूटभर ठेवतात. त्यावर हा काय म्हनाला असेल? "उत्तम!" म्हनाला. उत्तम. पॉलिन पांढरीफटक. "मग बाप्तिस्मा कुनाचा झाला? आमच्या बाळाचा का त्यांचा? आनि शुक्रवारी आम्ही मटन सोडतो, कालवनात मीठ तर घालतोच. मग इतके शुक्रवार मी काय खाल्लं?"

तिला मी सांभाळतेय तर इकडं कमळी. कमळीनं बाकी कायच ऐकलं नव्हतं, एक शब्द ऐकला होता. मंगळ. "सालोमीबाय, माझ्या पोरीच्या पत्रिकेत मंगळ हाय. तेवढ्यावरनं किती स्थळं परत गेली, तुला ठाऊक हाय. आनि तू तो माझ्या ताटात वाढतेस?" मी म्हटलं, अगं, तो मंगळ वर हाय. ती म्हनली, "हे साहेब तर म्हनतात खाली आलाय." तो म्हनतो, "आलाय असं नव्हे, तत्सम." तत्सम! त्या तत्सममुळं माझी पाटीभर तांदळाची चूल विझली. अर्धी वाकलेली कमळी सरळ झाली, पाटी डोक्यावरनं उतरलीच नाय. पॉलिनचा तांदूळ तर टांग्याच्याही पुढं धावला. बुधवारपर्यंत गास, कळंब, अर्नाळा, सगळीकडं एकच. सालोमीचा मासा मंगळाचा.

मी फादरांकडं गेले. म्हटलं, फादर, एवढं मिस्सेनंतर सांगा की माझा मासा चांगला हाय. फादर फार भले, पन फार विचारी. म्हनाले, "सालोमी, शुक्रवारी मासा चालतो. माशावर जे राहतं त्याबद्दल अजून रोमहून काही आलेलं नाही." मग मी सोवनीला मिठागरात गाठला. म्हटलं, डॉक्टर, तुम्ही बिघडवलंत, तुम्हीच निस्तरा. बायकांसमोर माझ्या सुरमईचा एक तुकडा खाऊन दाखवा, की बघा, मला काय झालं नाय. तो दोन पावलं मागे सरकला. "बाई, आमच्या घरी मासे चालत नाहीत." ऐकलंत? माझ्या घरात मंगळ चालतो, याच्या घरात सुरमई चालत नाय. त्यापेक्षा मी समजावतो म्हनाला, आनि गेला समजावायला. काय समजावलं? "घाबरू नका, हे जीव अतिशय जुने आहेत, माणसाच्याही आधीचे. आपले पूर्वजच म्हणा." त्या दिवशी ज्या दोन-चार बायका धीर धरून होत्या त्याही गेल्या. पूर्वज कोन खातं?

तो गेल्यावर मी मासा धुतला. नथूचं पानी आनलं, चांगलं मीठ आनलं, उन्हात वाळवला. पांढराशुभ्र झाला, सासू असती तर कौतुक केलं असतं. कुनी बघायला आलं नाय. होड्या वर ओढल्या, पाऊस लागला, आनि आम्ही दोघं समोरासमोर बसून खारी सुरमई खातोय. भाताशिवाय. नुसती. खाऊन बघा एकदा, मग मला मीठ म्हनजे काय ते शिकवा. मी रडले, हे सांगायला मला लाज नाय. मासा वाईट असता तर नसते रडले.

आनि भर पावसात टांगा. कोन? सोवनी, ओला चिंब. त्यानं नेलेले सगळे किडे मेले म्हने. कुनीतरी बरन्या साफ केल्या, गोड्या पान्यानं. मला हसू आलं, मी लपवलं नाय. म्हनतो, "बाई, मला पुन्हा लाल सुरमई करून द्याल का? दर महिन्याला. पैसे देतो." मी म्हटलं, पैसे शिजत नाय, तांदूळ आना. आनतो बिचारा, पोत्यातनं, चांगला वासाचा. मला चूल पेटवायचीय, मग मी काय करते? नथूचं तेच लाल मीठ घेते, घरात पडून राहिलेला तो चांगला मासा त्यात घालते, ठिपके येईपर्यंत वाट बघते. सासूचा फोटो मी भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. मंगळ कुठं आनि पाचूबंदर कुठं, पन गिऱ्हाईक म्हटलं तर मला आता तेवढंच उरलंय.

आनि तुम्हाला सांगते, काल तो आला, मासा उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला, नळीतनं बघितला आनि तोंड वाकडं केलं. "बाई, या खेपेला नीट बिघडला नाही." आजवर माझ्या हाताला कुनी नाव ठेवलं नव्हतं हो... म्हटलं, राहू द्या डॉक्टर, पुढच्या वेळी जरा मन लावून बिघडवते.