डोक्यावरून पाणी

...नाही, पण मला एक सांगा, कोरड्या केसांसाठी वेगळी बाटली, खराब झालेल्या केसांसाठी वेगळी, पिंजारलेल्या केसांसाठी आणखी वेगळी, तर जिचे केस कोरडेही आहेत, खराबही आहेत आणि पिंजारलेलेही आहेत, त्या बाईने काय एकाच डोक्याला पाळीपाळीने सगळे शाम्पू लावायचे? हेच मी जळगावच्या त्या दुकानातल्या मुलीला विचारलं. किरण नाव होतं तिचं, ड्रेसवर पाटीच लावलेली, आणि स्वतःचे केस असे की वरून मुंगी सोडली तर घसरत खाली येईल. ती म्हणाली, "मॅम, तुमचा हेअर टाइप काय?" आता काय सांगायचं? मी कामिनी, बोदवडची, बाप केळी आणि कापूसवाला, मी गावात गणिताच्या शिकवण्या घेते आणि शिकवणीतली पोरं मला मागून 'बोंड मॅडम' म्हणतात. बोंड म्हणजे कापसाचं, फुटलेलं, वेचायला आलेलं. हा माझा हेअर टाइप.

तिने बाटली दिली. मग म्हणाली, "शाम्पू एकटा काम नाही करत मॅम, त्याच्यासोबत कंडिशनर लागतो." बरं, द्या. "कंडिशनर घेतलाय तर आठवड्यातून एकदा मास्क." बरं. "आणि मास्क धुतल्यावर सीरम, नाहीतर मास्कचा उपयोग नाही." म्हणजे जावई एकटा बोलवला आणि मागून त्याची आत्या, मावशी, चुलतभाऊ सगळे पंक्तीला, तसं ते. मी बाटली उलटी करून वाचू लागले... सल्फेट नाही, पॅराबेन नाही, सिलिकॉन नाही. मी म्हटलं, अगं मग यात आहे काय? म्हणाली, "आर्गन ऑइल. ते मोरोक्कोत होतं मॅम." आता मोरोक्कोच्या तेलाला आमच्या बोअरचं पाणी काय झेपणार? आमच्याकडे बादलीला आतून पांढरा थर बसतो, नळाच्या तोंडाला मीठ धरल्यासारखं क्षार धरतात, तेच पाणी मी लहानपणापासून डोक्यावर घेतलेलं. घरी आणल्या सगळ्या बाटल्या, लावल्या, नेमाने लावल्या... केस मात्र होते तसेच.

मग गावाचे इलाज सुरू झाले. शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या, मेथी भिजव. दुसरी म्हणाली, कोरफड. आईने ऐकलं की केळ्याने केस मऊ होतात, आणि केळी म्हणजे आमच्या घरात काय कमी? पिकलेली केळी कुस्करून आईने माझं डोकं असं लिंपलं जसं काही चूल सारवते आहे. बाबा दारातून बघत होते, म्हणाले, "व्यापारी भाव देत नाही म्हणून असं वाया घालवायचं का?" आणि ते केळं निघेना हो. वाळलं. केसाकेसाला गुठळ्या. धुवून धुवून हात दुखले, तशीच शिकवणीला गेले, तर पंख्याखाली बसलेली एक मुलगी अगदी साधेपणाने विचारते, "मॅडम, आज शिकरण होतं का?" आठ दिवस मधमाश्या मला ओळखत होत्या. केस मात्र होते तसेच.

इतपत चाललं असतं. पण मग स्थळ आलं. साक्रीकडचं शेतकऱ्याचं घर, मुलगा भूषण, धुळ्याला ठिबकच्या कंपनीत नोकरीला, शांत, माझ्याशी बोलला तर पहिल्यांदा विचारलं, "पोरांना अपूर्णांक समजतात का हो?" मला तिथेच आवडला. पाहणं झालं, चहा-पोहे झाले, सगळे उठले, आणि निघता निघता मुलाच्या आत्याने, पुष्पाबाईंनी, माझ्या डोक्यावर हात ठेवला. ठेवला आणि जरा तसाच राहू दिला. मग आईला म्हणाल्या, "पोर चांगली शे. पन केसस्नं काही करता ई का?"

बस. होकार आला, साखरपुड्याची तारीख ठरली, पण आईच्या डोक्यात तेवढंच वाक्य. जेवताना, "केसांचं काही करता येईल का?" देवापुढे दिवा लावताना, "केसांचं काही करता येईल का?" शेवटी ती स्वतः मला घेऊन जळगावला पार्लरमध्ये गेली आणि त्या बाईला म्हणाली, "काय करायचं ते करा, पण सरळ करा." जशी काही मी वाया गेलेली पोरगी.

तुम्हाला सांगते, त्याला केरॅटिन म्हणतात. सकाळी बसले ती दुपार कलली तरी बसलेलीच. काहीतरी चोपडतात, त्यावर गरम पट्ट्या ओढतात, धूर निघतो, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ती पार्लरवाली म्हणते, "पाणी लागू देऊ नका हं मॅडम." म्हटलं, माझ्याच डोळ्यांतून येतंय त्याचं काय करू? शेवटी आरसा पुढे धरला... आणि मी मान हलवून पाहिली. कारण माझे केस खाली पडले होते. खाली. आयुष्यात पहिल्यांदा. मान हलवली की तेही हलत होते, आणि मान थांबली की थांबत होते. पार्लरवाली पाठ म्हणत होती, तीन दिवस पाणी नाही, घाम नाही, बांधायचे नाहीत, पिन नाही, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत. मे महिना चालू, बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, आणि म्हणे घाम नाही. पण मी सगळ्याला हो म्हटलं. घरी आले तर बाबा ओट्यावरून उठून म्हणाले, "कोण पाहिजे?" मी संध्याकाळभर आरशासमोर बसले होते. हसू नका. सत्तावीस वर्षांत मी आरशात केस विस्कटलेत का ते बघायला जात होते, नुसतं बघायला कधी गेले नव्हते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाआजी गेल्या.

बाबांच्या सख्ख्या काकू. नव्वदीच्या पुढच्या, गल्लीच्या टोकाला घर. गेली दोन वर्षं अंथरुणावर, सगळे म्हणायचे सुटल्या तर बरं... त्या सुटल्या, आणि मी अडकले. कारण भाऊबंद. सुतक. मयतीहून आलं की डोक्यावरून पाणी घ्यावंच लागतं. मी आईला म्हटलं, "आई, गळ्याखालून घेतलं तर?" आईने चपला पायात सरकवल्या. मी मागच्या खोलीत जाऊन पार्लरला फोन लावला. म्हटलं, मॅडम, आमच्याकडे मयत झाली आहे, थोडंसं पाणी चालेल का, एका बाजूने? ती म्हणाली, "सो सॉरी फॉर युअर लॉस मॅडम. पण मग गॅरंटी नाही हं."

गेले. केस मोकळे, कारण बांधायचे नव्हते, आणि मयतीच्या घरात मोकळ्या केसांनी आलेली पोरगी, बायकांना वाटलं दुःखाने भान नाही. प्रत्येक बाई यायची ती माझ्याच गळ्यात पडायची, "गेली वं माय तुझी आजी," आणि रडायची माझ्या केसांवर. मी मान अशी तिरकी, तशी तिरकी, पण सगळ्या गल्लीचे डोळे, कुठे कुठे चुकवणार? उकाडा, उदबत्त्या, घाम कानामागून निघालेला... आणि मग नेताना आजींच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं. लहानपणी माझी वेणी घालणारी ही एकटी बाई होती जी कधी केसांना नावं ठेवत नव्हती. कंगवा अडकला की थांबायची, फुंकर घालायची आणि म्हणायची, "दाट शेत ना केस, म्हणून." दाट आहेत म्हणून, बस, एवढंच. आणि मी तिच्या उशाशी उभी राहून विचार कसला करत होते, तर घाम टाळूवरून कुठवर आला याचा.

नंतर विहिरीजवळ पंपाचं पाणी सोडलं, बायका ओळीने बसल्या, आणि सुमनबाईंनी भरलेली बादली उचलली आणि माझ्या डोक्यावर ओतली. मी रडले. मोठ्याने रडले. सुरुवात केसांसाठी झाली, खोटं कशाला बोलू, पण मध्येच कुठेतरी ती फुंकर आठवली आणि मग केस राहिले बाजूला, मला आवरताच येईना. बायका म्हणाल्या, पोरीचा जीव होता म्हातारीवर. उन्हात केस वाळले. वाळता वाळता एकेक बट उठून बसली, जशी सभेला आलेली माणसं भाषण संपलं की उठतात. संध्याकाळी आरशात पाहिलं... होते तसेच.

साखरपुडा पुढे ढकलला. चारच दिवसांनी साक्रीहून माणसं दुखवट्याला बसायला आली, पुष्पाबाई आणि माझ्या होणाऱ्या सासूबाई, कोकिळाबाई. मी समोर तशीच, तेल नाही, वेणी नाही, डोळे सुजलेले. वच्छलाआजींचा विषय निघाला आणि मी परत रडले, तर कोकिळाबाईंनी जवळ घेतलं आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "पोरले माया शे." आईला कुठे राहवतं? म्हणाली, "विहीणबाई, केसांचं आम्ही केलं होतं हो. चांगले सरळ केले होते. पण पाणी पडलं."

कोकिळाबाईंना काही कळेना. "केसस्नं काय?" म्हणाल्या. पुष्पाबाई म्हणाल्या, "मी म्हतलं व्हतं, काही करता ई का." आणि कोकिळाबाई हसल्या, मयतीच्या घरात बरं दिसत नाही म्हणून तोंडावर पदर धरून हसल्या. "आमनाकडे बठ्ठ्या बाया डोकावर पदर लेतस माय. केस कोन देखस?"

तर असं. तिकडे सगळ्याच बायकांच्या डोक्यावर पदर. लग्न झालं, आता वर्ष होत आलं. भूषण बरा आहे, शनिवार-रविवार धुळ्याहून येतो, केसांबद्दल कधी काही बोललेला नाही, त्याने ते नीट पाहिलेत की नाही हीच मला शंका आहे. माझी जाऊ आहे, दिपमाला, तिचे केस त्या दुकानातल्या मुलीसारखे, रेशीम. बिचारीचा पदर दिवसभर घसरतो. वाढताना घसरतो, झाडताना घसरतो, सासरे समोर आले की ही एका हाताने पदर आणि एका हाताने तवा. पिना लावून लावून थकली. माझा पदर सकाळी एकदा ठेवला की रात्रीपर्यंत तिथेच. पिन नाही, काही नाही. केसांना असा धरून बसतो की काढायलाच दोन हात लागतात. आणि सासूबाई आल्यागेल्या प्रत्येक बाईला सांगतात, धाकली सून खरी मर्यादेची, तिचा पदर जरासुद्धा ढळत नाही.

परवा दिपमालाने हळूच विचारलं, "कामिनी, तू केसांना लावतेस तरी काय?"