पाटाच्या कडेने चालणारे मांजर आणि सिंधुबाईचे सांगणे

जबाब, तारीख १३ फेब्रुवारी १९३७, शनिवार, सकाळी साडेदहा.

नाव सिंधुबाई कोम कुंडलिक वाबळे, वय अंदाजे सव्वीस, धंदा मोलमजुरी व घरकाम, राहणार मौजे सणसर, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. यजमानांचे नाव मी तोंडाने घेत नाही. ते गावच्या पोलीस पाटलांनी सांगितले, त्यावरून लिहिले आहे.

ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की, माझे मालक, म्हणजे यजमान, पाटकरी आहेत. पाटाचे पाणी ज्याच्या त्याच्या पाळीला शेतात सोडायचे, हे त्यांचे काम. त्यासाठी रोज सकाळी ते पाटाच्या कडेने दीड कोस जातात आणि परत येतात. आमच्या घरी एक तांबडे मांजर आहे. मालकांनी त्याचे नाव रतन ठेवले आहे. मला ते "अगं" म्हणतात.

दिवाळीच्या आधी मांजर त्यांच्या मागोमाग पाटावर गेले आणि कुत्र्यांनी त्याला उसात पिटाळले. ते संध्याकाळी सापडले. तोवर मालक जेवले नाहीत. पुढे पाटाच्या बंगल्यावर उतरलेल्या कोणा साहेबाच्या मडमेचे कुत्रे त्यांनी पाहिले, त्याच्या अंगाला कातडी पट्टे बांधून दोर लावला होता. घरी येऊन त्यांनी आपला जुना पटका फाडला. सुताने मांजराचे माप घेतले. गळ्याभोवती एक फेर, पुढच्या पायांमागून एक, पाठीवर दोन्ही जोडणारी पट्टी आणि तिला दोर, असे करून दिले. मला बारामतीहून वहाणा आणल्या होत्या त्या दोन बोटे मोठ्या निघाल्या. त्यात मी चिंध्या कोंबून चालते.

पट्टा घातला की मांजर मेल्यासारखे कुशीवर पडे, नाहीतर मागे मागे सरके. मालक समोर सुकट धरून बसत. आठ दिवस नुसता पट्टा, दोर नाही. मग अंगणात दोर. मांजर बसले तर हेही बसत. मी म्हणाले, "जरा वढा की, चालंल." ते म्हणाले, "वढायचं न्हाय. तिच्या मनानं चालू द्यायचं." हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मनाचे आजवर कोणी विचारले नाही.

संक्रांतीपासून मांजर पाटावर चालू लागले. मी धुणे धुवायला पाटावर असते, म्हणून रोज पाहिले आहे. मांजर पुढे आणि मालक मागे. ते गवत हुंगायला थांबले की हे थांबणार. काखेत पट्टा घासला तर खोबरेल लावणार. ओळखीचे लोक हसत, त्याचे यांना काही नाही. आमच्याकडे बाईने नवऱ्याच्या मागे दहा पावले चालायचे असते. मीही तशीच चालते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु मागल्या चैत्रात जत्रेला जाताना माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. मी खाली बसून काढला. मालक ओढ्यापलीकडे जाईपर्यंत मागे वळले नाहीत. मला पळत गाठावे लागले. मांजराच्या पायाला गोखरू लागले तर हे मांडी घालून काढतात. मला त्या मांजराचा हेवा वाटला. माणसाचा वाटला असता तर चार बायकांत बोलता तरी आले असते.

बुधवारी मालक जेवून आडवे झाले होते. मी पट्टा घालून मांजर परसात नेले. ते लगेच चालू लागले. मी थांबले की थांबे, मान वळवून माझ्याकडे पाही, मी येते का बघे. यांना याची गोडी का लागली ते मला तेव्हा कळले. त्याने राग कमी होईल असे वाटले होते, तो वाढला.

गुरुवारी ता. ११ रोजी बारामतीचा बाजार. भाजीच्या गाडीत मी डालग्यात मांजर घातले, वर पोते शिवले आणि नेले. बाजारात माझ्या ओळखीच्या एका बाईजवळ ते दिले. तिचे नाव विचारले असता सांगत नाही. ती दूध घालते, मारत नाही.

निघण्यापूर्वी पट्टा आणि दोर मी महिपती रायकर यांच्या उसाच्या बांधावर टाकला. मांजर निसटून पळाले असे दिसावे, एवढाच हेतू. पण टाकताना मी पट्ट्याची घडी घातली आणि दोर गुंडाळून वर ठेवला. हाताची सवय. पळालेले मांजर घड्या घालत नाही, हे गाडीत बसल्यावर ध्यानात आले.

मालकांना तो पट्टा तसाच घडी घातलेला सापडला. महिपतीशी त्यांचे पंधरा दिवसांपूर्वी पाळीवरून भांडण झाले होते. महिपती तेव्हा म्हणाला होता, "तुजं मांजर एक दिस पाटात बुडीवतो का न्हाय बघ." तेवढ्यावरून मालकांनी त्याच्यावर फिर्याद दिली आणि पोलिसांनी त्याला काल ठाण्यात चौकशीला आणले. महिपतीने काही केलेले नाही. आज त्याच्या पाण्याची पाळी आहे. त्याची बायको दगडाबाई आज पहाटे आमच्या दारात आली. म्हणाली, "अगं सिंधू, पाळी गेली तर वांगी करपून जातील. मालकास्नी सांग की." मी सांगितले. मालक म्हणाले, "माजी रतन गेली." दगडाबाईच्या तोंडाकडे मला बघवेना. मालक ठाण्याकडे निघाले, त्यांच्या मागोमाग मीही आले.

मालकांना बोलावून माझ्यासमोर वरील मजकूर सांगितला. त्यांनी फिर्याद मागे घेतली. महिपतीला जाऊ दिले, तो पाळी धरायला पळत गेला. मालकांनी मला सोडून हवालदारसाहेबांना विचारले, "कुठं हाय ती? खाती का काय?"

मांजर कुठे आहे ते मी इथे लिहून देणार नाही. सणसरहून चालत दिवसभराची वाट आहे. मालकांनी उद्या माझ्याबरोबर चालत यावे, मी घर दाखवीन. मी पुढे चालेन, ते मागे. मी थांबेन तिथे थांबावे. हवालदारसाहेब म्हणाले, "बाई, बैलगाडीनं लवकर उरकल." मी नको म्हणाले. मालकांनी डोक्यावरचा पटका नीट केला. मग म्हणाले, "किती वाजता निघायचं?" मी म्हणाले, माझ्या मनाला येईल तेव्हा.

हा मजकूर मला मराठीत वाचून ऐकविला. मी सांगितले तसाच उतरला आहे, माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. "मी पुढे" हे दोन शब्द लिहिले आहेत का म्हणून पुन्हा विचारले, हवालदारसाहेबांनी बोट ठेवून दाखविले. त्यांच्याखाली माझा डाव्या हाताचा अंगठा उठविला असे.