पहिलं वर्ष काही संपेना

...आणि वर साहेब मलाच विचारतात, "दहा वर्षांनी आपण कुठे असू?" अहो, मला काय विचारता! तुम्ही कुठे असाल ते मी आत्ताच सांगतो. दुसऱ्या खात्यात! सगळे जातात. सहा वर्षांत सहा साहेब आले नि गेले, हा सातवा. मी मात्र त्याच खुर्चीत, जिचा डावा हात दुसऱ्या साहेबांच्या वेळेपासून निखळलाय, आणि आमचं आपलं... पहिलं वर्ष चालू आहे!

हसू नका हो. तुम्हाला सांगतो काय भानगड आहे ती. आमची कंपनी मोठी. मोठी म्हणजे इतकी मोठी की चौथ्या मजल्यावर काय चाललंय ते पाचव्या मजल्याला बातम्यांत वाचून कळतं. तिथं आमचं खातं, लांबच्या संशोधनाचं. बाकीच्यांनी उद्याचं बघायचं, आम्ही दहा वर्षांनंतरचं. काय भारी वाटतं ना ऐकायला? मलाही वाटलं होतं!

तेव्हा बाबांना नुकताच अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. म्हणजे बोलायचे, पण शब्द तोंडात असा घोळून बाहेर पडायचा की ते "पाणी" म्हणाले की मी चप्पल आणून द्यायचो. आईला कळायचं बरं का सगळं! तिला नुसती भुवई पुरते. पण मला नाही ना कळायचं! चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, वर जाताना एक किस्सा नि खाली येताना दुसरा सांगणारा, तो खिडकीपाशी गप्प बसून राहायला लागला. मला बघवेना. म्हटलं, अडखळत बोलणाऱ्याचं बोलणं ओळखून ते स्पष्ट बोलून दाखवणारं यंत्रच बनवू. आणि कंपनी चक्क हो म्हणाली!

पहिले साहेब म्हणाले, "दहा वर्षांचा आराखडा करा." केला! भिंतीएवढा तक्ता, दहा रकाने. पहिल्या वर्षी आवाज गोळा करायचे, दुसऱ्या वर्षी यंत्राला शिकवायचं, असं करत करत दहाव्या वर्षी यंत्र लोकांच्या खिशात. पहिला आवाज अर्थातच बाबांचा. आता बाबा म्हणजे महाहट्टी! बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या, "काका, रोज थोडं थोडं म्हणा," त्या विनवायच्या आणि हे भिंतीकडे तोंड करून बसायचे. पण आईनं सांगितलं, "अहो, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे." उठले की! रोज सकाळी, मी ऑफिसला निघालो की आई रेकॉर्डिंग लावणार आणि हे बोलणार. वीस शब्द, प्रत्येकी दहा वेळा. पाणी. चष्मा. दार. उजेड. पुरे.

अकरा महिने झाले... आता दुसरं वर्ष लागणार, एवढ्यात साहेब बदलले! नवे साहेब तक्त्यासमोर हात मागे बांधून उभे. "हंऽऽ, सुंदर आहे. पण मला ना, कोऱ्या पाटीवरून सुरुवात करायला आवडतं." म्हटलं, "साहेब, आवाज गोळा झालेत, आपण आता दुसऱ्या..." "मोठा विचार करा हो, मोठा!" झालं. योजनेला नवं नाव. आणि आमचा नियम असा की जुन्या नावाखाली घेतलेला आवाज नव्या नावाखाली चालत नाही! संमतीपत्र नवं, आवाज नवा. पहिले पाढे पंचावन्न!

तिसरे साहेब आणखी वेगळे. "विचार दहा वर्षांचाच हवा, पण तीन महिन्यांत दिसला पाहिजे!" म्हणजे बी पेरायचं आणि रोज उकरून बघायचं, रुजलं का, रुजलं का... कसं रुजेल? त्यांना दाखवायला घाईघाईत एक कच्चं यंत्र तेवढं जोडलं. चौथ्यांनी तक्ता आडव्याचा उभा केला. पाचव्यांचं नाव पाठ व्हायच्या आत ते गेले. आणि दर वेळी मी घरी जाऊन मान खाली घालून सांगायचं, "बाबा... परत." ते माझ्याकडे बघायचे, उसासा टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसायचे. "पाणी." सहा वर्षं! हिशेब केलाय मी, एकेक शब्द अठरा हजार वेळा म्हणालेत ते. कशासाठी? तर आमचं पहिलं वर्ष चालू आहे म्हणून!

परवा सातवे साहेब म्हणाले, "वडिलांनाच घेऊन या, यंत्र बघू." काचेच्या खोलीत सगळं खातं जमलेलं. बाबांनी माइक जवळ ओढला. "पाणी. चष्मा. दार. उजेड. पुरे." यंत्रानं पाचही शब्द बरोब्बर ओळखले! टाळ्या! मी तर उडीच मारली. साहेब मात्र माझ्याकडे वळले. "अहो, पण हे तर स्पष्ट बोलतायत!"

तुम्हाला सांगतो, माझी बोबडीच वळली. खरंच स्पष्ट होतं हो! अलीकडे मला बाबांचं बोलणं समजायचं, पण मला वाटायचं, आईसारखं मलाही कळायला लागलं. यंत्र शिकलंच नव्हतं, बाबा शिकले होते! साहेब म्हणाले, "मग हा नमुना बाद. न बोलता येणारा कुणी शोधा आणि नवा तक्ता करा." माझा बाप बाद! तक्त्यात माणूस बरा होण्याचा रकानाच नाही ना!

मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. आनंदानं की कशानं, मला विचारू नका. परत लिफ्टमधून उतरताना बाबा म्हणाले, सहा वर्षांत पहिल्यांदा एवढं लांबलचक बोलले, "लिफ्ट सारखी तळमजल्यावर येत असेल ना, तर दर वेळी बिघाडच नसतो. खाली उभं राहून कुणीतरी बटण दाबत असतं."

म्हटलं, "साहेब लोक, बाबा!"

"ते वर असतात. नवा तक्ता दर वेळी कोण करून देतं?"

बोला आता!

दुसऱ्या दिवशी ठरवूनच गेलो, आज सांगायचं, नाही म्हणजे नाही! साहेबांसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं... आणि शब्द असा घोळून बाहेर पडला की साहेब म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "हो साहेब." हे मात्र अगदी स्पष्ट आलं!

घरी सांगितलं. सकाळी बाबांनी खुर्ची ओढली, मला समोर बसवलं, आईला रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. "म्हण. नाही. दहा वेळा." म्हणतोय आता रोज. नाही, नाही, नाही... घरात शब्द छान येतो हो! पण ऑफिसात यायला अठरा हजार वेळा म्हणावं लागणार, म्हणजे सहा वर्षं आली, आणि तुम्हाला तर माहीतच आहे... आमचं आपलं पहिलं वर्ष चालू आहे.