बंड्याच्या गोळ्या

मी, सौ. दिपाली समाधान बिडवे, वय ३४, धंदा नोकरी (चाकण येथे कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करणे), राहणार लांडेवाडी, भोसरी, मूळ गाव तालुका औसा. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती समाधान व बंड्या नावाच्या कुत्र्यासह एका भाड्याच्या खोलीत राहते. पती वर्कशॉपमध्ये होते. जड लोखंडी जॉब उचलताना त्यांच्या पाठीची गादी सरकली व काम सुटले. पुढे हिवाळ्यात मेडिकलवाल्याने नव्या चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्या देणे बंद केले.

त्याच हिवाळ्यात बंड्या म्हातारपणाने लंगडू लागला. जनावरांच्या डॉक्टर विजयश्री मॅडम यांनी त्याला दुखण्यावर ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्या. माणसांनाही तीच गोळी देतात हे मला माहीत नव्हते, पतींना होते. गोळ्या तेच चारत. कुत्र्यावर एवढा जीव बघून मला बरे वाटायचे.

मॅडम कुत्रा बघितल्याशिवाय गोळी देत नाहीत. दर वेळी त्याला दवाखान्याच्या बोळात चालवून बघतात. उन्हाळ्यात तो नीट चालला म्हणून त्यांनी गोळ्या थांबवल्या. त्यांचा नियम बरोबर आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. घरी पती म्हणाले, "माझी पाठ कुणाला दिसत न्हाई. त्याचा पाय समद्यांना दिसतो."

काल मी कामावरून आले तेव्हा बंड्या कॉटखाली होता. पुढचा पाय लोंबत होता. पती म्हणाले, "जिन्यावरून पडला. ने त्याला मॅडमकडं." आमची खोली तळमजल्यावर आहे.

एक्स-रे बघून मॅडम म्हणाल्या, "ताई, हे पडल्याचं नाही. तुम्ही सांगताय, की मी सांगू?" म्हणून मी आले. पती मुळात वाईट नाहीत. पाठ उठली की उशी दातात धरून रडतात. मला त्यांचा राग येतो आणि ते हाल बघवतही नाहीत.

आता बंड्याला गोळ्या खरोखरच लागतात. मॅडमनी दिल्या आहेत, त्या माझ्या पर्समध्ये आहेत. घरी ठेवल्या तर चोराच्या हाती किल्ल्या. नाही दिल्या तर मुके जनावर विव्हळणार. आणि हा पाय बरा झाला की गोळ्या परत बंद होणार. बंड्याला पाय अजून तीन आहेत.

गोळ्या ठाण्यात ठेवून घ्याव्यात, मी सकाळ-संध्याकाळ येऊन एकेक नेईन, अशी मी विनंती केली. तशी सोय नाही असे मला सांगण्यात आले. पतींना बोलावून घेतले आहे. ते बाहेर बाकावर बंड्याला मांडीवर घेऊन बसले आहेत. आम्हाला एकाच रिक्षाने घरी जायचे आहे.

वरील सर्व मला वाचून दाखवले. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते खरे आहे.