मिशिगनचं लायसन्स

हॅलो?… हां, बोल वल्लरी! अगं, मी आत्ता तुलाच फोन लावत होते… ओक ट्री रोडवर, देशी दुकानात. भाजी घ्यायला आलेय… हो, हो, पण माझं ऐक ना, एक बातमी…

बरं, बरं. तू सांग आधी.

काय?… घर मिळालं? ते ट्रॉयमधलं, मेपलच्या झाडाचं? अगं, अभिनंदन!… मागच्याच आठवड्यात हो म्हणाले घर विकणारे? आणि मला आज सांगतेस?… दृष्ट लागेल म्हणून. वा! मावसबहिणीची दृष्ट लागते का गं?… हं… हं… काम होईपर्यंत बोलायचं नाही. माहितेय. सुचित्रामावशीने, तुझ्या आईनेच, मलाही तेच शिकवलंय.

ऐकतेय, बोल… "चारुताताई, रागावू नकोस." कशाला रागावू?… कोणाकडून?… लोन दुसऱ्याकडून घेताय?

थांब. थांब, थांब. सही केलीस?… ते सगळं नंतर. सही केलीस का, हो की नाही?

आज संध्याकाळी करणार. म्हणजे अजून नाही केली… हुश्श! अगं, गवारीची पिशवी पडली हातातून… नाही गं, रागावले नाहीये… काय म्हणाला प्रसन्न? "ताईंना आपलं काम करायचं नाहीये"? तुझा नवरा गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो ना, तेच करू दे त्याला.

हो, मान्य. तू व्याजाचा रेट विचारलास की मी विषय बदलायचे… हो, "तिकडे थंडी किती आहे?"… दर वेळी, हो… स्नोबद्दलही, हो गं बाई! मग काय करणार? घरांची लोन करून द्यायचं माझं लायसन्स फक्त न्यू जर्सीचं. तुमच्या मिशिगनमधल्या घराच्या लोनसाठी मी रेट सांगायचा नाही, अर्ज घ्यायचा नाही, कायदाच आहे तसा… बहिणीलासुद्धा नाही.

अगं, तीच तर बातमी! लायसन्स आलं. मिशिगनचं. आत्ता, गवार निवडता निवडता ईमेल आला… हो ना! मला वाटलं होतं उन्हाळा उजाडेल. मागे दुसऱ्या एका राज्याचं काढलं तेव्हा अख्खा हिवाळा वाट बघितली मी. गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. या वेळी परीक्षा परत नको, बोटांचे ठसे आधीचेच चालले, आणि बघता बघता हातात! मी तिथेच डोळे पुसत उभी. काउंटरवरच्या गुजराती बेन विचारतायत, काय झालं, काय झालं…

"अप्लाय केलंय एवढं तरी सांगायचंस"? कसं सांगणार! होईपर्यंत बोलायचं नाही ना… हस, हस. दोघी सारख्याच शहाण्या. तुम्ही घर लपवलंत, मी लायसन्स लपवलं.

नाही गं, कसली बाकीची गिऱ्हाइकं? मिशिगनमध्ये माझं दुसरं आहे कोण? तुझ्या एकटीसाठी काढलं… वल्लरी?… अगं वेडे, रडतेस काय! घर मिळालंय तुला… मला किती भीती वाटत होती माहितेय? तू पहिलं घर घेणार, आणि रोज हेच काम करणारी मी, नुसती थंडीची चौकशी करत बसणार. रात्रंदिवस तेच डोक्यात होतं.

नाही, नाही. डोळे मिटून माझ्याकडे येऊ नकोस. त्या लोनवाल्याने कागदावर काय दिलंय ते पाठव. त्याचं चांगलं असेल तर मीच सांगेन, कर सही म्हणून… खरंच. पण आज नको. प्रसन्नला मेसेज कर… केलास? काय म्हणतो?… "सॉरी ताई." बरं, बरं. त्याला म्हणावं, ब्रेक वेळेवर लागला.

थांब, गाडीत बसते… हं, बसले. आता विचार. महिनाभर विचारत होतीस ना, तेच विचार. आता बोलता येतं मला… लाजतेस काय? विचार ना.

काय?… "तिकडे थंडी किती आहे?"

वल्लरे! मार खाशील हं! फोन ठेव आणि आधी ते पेपर्स पाठव… हो… हो गं, मलाही… आणि ऐक, मावशीला एवढ्यात काही बोलू नकोस… हो, होईपर्यंत. ठेवते.