त्या एका ओढ्यातल्या गोगलगायी

सॉल्ट लेकच्या लॅबमधलं सांगते. अंदमानच्या ओढ्यांतल्या गोगलगायींचा डीएनए मी तपासत होते. बहुतेकींची पिल्लं वाहत समुद्रात जातात आणि पुढे कुठल्याही बेटावरच्या ओढ्यात चढतात, म्हणून सगळीकडच्या सारख्याच निघाल्या. एका ओढ्यातल्या मात्र अगदी वेगळ्या. तशा दुसरीकडे कुठेच सापडल्या नव्हत्या.

मी आनंदाने बिमलदांना फोन लावला. ते तिथले वाटाडे, गोगलगायी वेचायला माझ्याबरोबर होते. "अजून थोड्या पाठवाल का?"

"दीदी, वर बांध घातला. उन्हाळ्यात ओढा पार कोरडा पडला. मी जाऊन पाहिलं, एकही नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे किती आहेत?"

"चाळीस. पण अल्कोहोलमध्ये."

"तेवढ्याच मिळाल्या होत्या. मी म्हटलं होतं, थोड्या राहू द्या. तुम्ही म्हणालात, आकडा कमी पडेल."

संध्याकाळी बालीगंजला घरी पोहोचले. नवऱ्याने चहा पुढे ठेवत विचारलं, "निकाल कसा आला?"

"चांगला आला," मी म्हणाले.